सहावी हॅवरल

४ मार्च

ती. काका,

माझं पत्र बघून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा नाव वाचाल, म्हणून आधीच सांगते: मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. तुम्हाला शेवटचं पत्र लिहिलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुम्ही तुमचं ‘रस्त्यावरची गाडी ओळखा’ हे पुस्तक पाठवलं होतं आणि आईने शेजारी उभं राहून माझ्याकडून आभाराच्या चार ओळी लिहून घेतल्या होत्या. बाबांनी ते पुस्तक त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकलं. मी माळ्यावर चढून वाचलं. पुढची दोन वर्षं मी माळ्यावर काय करते ते घरात कुणाला कळलं नाही.

सध्या मी पार्किंग निरीक्षक आहे. टपाल कचेरीच्या आसपासच्या तीन रस्त्यांवर दिवसभर चालायचं, मीटर संपलेल्या गाड्यांना पावत्या लावायच्या आणि शिव्या खायच्या. अकरा वर्षं झाली. तुमच्या पुस्तकामुळे या नोकरीत मी कधी कंटाळले नाही. मागची काच अंड्यासारखी असलेली बीटल मी दोनदा पाहिली. एक जॅग्वार पाहिली, तिच्या पुढच्या काचेवर खरंच तीन वायपर होते. एकदा एक सित्रोएन सुरू झाल्यावर बसलेल्या उंटासारखी मागून उठली, तेव्हा मी शिट्टी तोंडात तशीच ठेवून बघत राहिले.

पण काल जे पाहिलं ते तुमच्या पुस्तकातल्या कशाशीच जुळेना. टपाल कचेरीसमोर, सातव्या मीटरला, एक गर्द निळी दोन दारांची गाडी उभी होती. लांब नाक, ठेंगणं छप्पर आणि मागे उतरत जाणारी पाठ. मीटर संपून पाच मिनिटं झाली होती. आमच्या पावतीच्या यंत्रात गाडीची कंपनी निवडावी लागते. मी यादी वरून खाली आणि खालून वर दोनदा फिरवली. शेवटी उरलं ‘इतर’. ते दाबायला बोट पुढे गेलं आणि तिथेच थांबलं. काका, हसू नका, पण त्या गाडीला ‘इतर’ म्हणायची मला लाज वाटली. पावती न देता मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. माणसं ये-जा करत होती, कुणी मान वळवून बघत नव्हतं. मला मात्र तिच्यावरून नजर काढवत नव्हती. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला, मी कोपऱ्यावर गेले, आणि परत येईपर्यंत जागा रिकामी.

ही कुठली गाडी असेल? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते आहे. उत्तर माझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवा. बाबांसमोर गाड्यांचा विषय चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. का चालत नाही, ते मला ठाऊक नाही.

तुमची पुतणी,
जिला तुम्ही शिट्टी म्हणायचात


९ मार्च

प्रिय शिट्टी,

तू शिट्टी तोंडात धरूनच जन्माला आलीस, असं मी तुझ्या बारशालाच म्हटलं होतं, इतकी रडत होतीस. आता सरकार तुला त्याचा पगार देतं, याला नशीब म्हणतात.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकेचाळीस वर्षं मी गाड्यांना काचा बसवल्या, आता गुडघे आणि कान दोन्ही संपावर गेलेत, आणि दिवसभर खिडकीत बसून मी जे बघतो त्या सगळ्या गाड्या एकाच साबणाच्या वड्या वाटतात. त्यात तुझं हे पत्र आलं. पोस्टमनला मी बसवून पाणी पाजलं.

आता ऐक. फोटो पाठवू नकोस. फोटो मिळाला की माणूस बघायचं थांबतो. शब्दांत लिही. आणि नाकापासून सुरुवात करू नकोस, सगळे नाकाकडेच बघतात आणि फसतात. मागून सुरुवात कर. मागची काच किती तुकड्यांची, सपाट की वळलेली? दाराच्या बिजागऱ्या पुढे आहेत की मागे? चाकाच्या मधोमध काय आहे? बिल्ला नसेल तर बिल्ल्याची भोकं मोज. गाडी सुरू होताना डोळे मीट आणि ऐक.

माझा अंदाज असा, की एखादी इटालियन असेल, कुणीतरी वारशात मिळालेली बाहेर काढली असेल. पण तू म्हणतेस ती पाठ मला झोपू देत नाहीये. लवकर लिही.

शोधाला लागलेला,
काका


१८ मार्च

ती. काका,

गेल्या मंगळवारी ती आली नाही. मी सातव्या मीटरभोवती इतक्या फेऱ्या मारल्या, की समोरच्या चष्म्याच्या दुकानदाराने विचारलं, काही हरवलंय का. काल मात्र नऊला पाच कमी असताना ती आली. तुम्ही सांगितलं तसं मागून सुरुवात केली.

मागची काच दोन तुकड्यांची, दोन्ही सपाट, मध्ये पाठीच्या कण्यासारखी पत्र्याची उभी पट्टी. ऊन पडलं की डावी काच उजवीपेक्षा किंचित हिरवट दिसते. बिजागऱ्या मागे, म्हणजे दार उलटं उघडतं. चाकाच्या मधोमध एकच मोठी चकती, तिला तीन पाकळ्या. नाकावर बिल्ला नाही, पण चार भोकं आहेत आणि त्यांच्याभोवतीचा रंग ढालीच्या आकारात फिका पडलाय.

गाडीतून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. ऐंशीच्या आसपास, पाय लांब, केस कापलेले. उतरल्या म्हणजे, आधी काठी उतरली, मग त्या. मीटरमध्ये नाणं टाकलं आणि मला म्हणाल्या, “पोरी, गेल्या वेळी पाच मिनिटं जास्त झाली होती. तू पावती दिली नाहीस. मी टपाल कचेरीच्या काचेतून बघत होते. विसरलीस का?”

मी म्हटलं, “विसरले नाही. तुमची गाडी माझ्या यंत्रात नाही.”

“माझ्या नवऱ्याच्या डोक्यात होती,” त्या म्हणाल्या आणि टपाल कचेरीत गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा मी डोळे मिटून उभी होते. काका, तो आवाज कसा सांगू? मोठा नव्हता. जाड सतरंजीखाली कुणीतरी घाई न करता धावतंय, असा होता. माझ्या बुटाच्या तळव्यांतून तो वर आला. डोळे उघडले तर गाडी वळणावर पोचली होती आणि तिच्या पाठीवरून अख्खा रस्ता सरकत होता: दुकानांच्या पाट्या, दिव्याचे खांब, एक मी. ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला काल कळलं, तेही कामाच्या वेळेत.

घरी येऊन मी माळ्यावर चढले. चौतिसाव्या वर्षी माळ्यावर चढायचं म्हणजे आधी पाठीची परवानगी घ्यावी लागते. तुमचं पुस्तक तिथेच होतं. पान एकसष्ट. हॅवरल कूपे. चित्र नाही, म्हणून लहानपणी मी ते पान उलटून पुढे जायचे. पण वर्णन वाचत गेले आणि अंगावर काटा येत गेला. दोन सपाट काचा आणि मध्ये कणा. उलटी दारं. तीन पाकळ्या. ढालीचा बिल्ला. सगळं जुळलं, एक वाक्य सोडून. तुम्ही लिहिलंय: ‘कारखाना बंद पडण्यापूर्वी पाचच बनल्या. दोन संग्रहालयांत, एक परदेशी, एक जळाली, एक मोडीत. सहावी पाहिल्याचं कुणी सांगितलं, तर त्याला चष्मा बदलायला सांगा.’

काका, माझे डोळे दर वर्षी खात्यातर्फे तपासतात. मला चष्मा नाही.

मी काय पाहिलं?

शिट्टी


२५ मार्च

प्रिय शिट्टी,

तुझं वर्णन चांगलं आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. असे हौशी लोक असतात, जे जुन्या फोटोंवरून घरी पत्रा ठोकून गाडी बनवतात. तू पाहिलीस ती तशीच नक्कल असणार. हॅवरल पाचच होत्या, हे नोंदींवरून सिद्ध झालेलं आहे.

त्या बाईंना उगाच प्रश्न विचारून त्रास देऊ नकोस. आणि हे तुझ्या बाबांच्या कानावर घालू नकोस. त्याला नाहक मनस्ताप होईल.

इकडे उन्हाळा सुरू झालाय. तब्येतीला जप.

काका


८ एप्रिल

ती. काका,

तुमच्या आधीच्या पत्राला दोन पानं होती आणि या पत्राला अर्धं. आधी तुमची झोप उडाली होती, आता तुम्ही मला उन्हाळ्याची बातमी देता. मी अकरा वर्षं लोकांची कारणं ऐकते आहे. ‘दोनच मिनिटं उभी केली’ म्हणणाऱ्याचा चेहरा मला लांबून कळतो. तुमचं पत्र मला तसंच वाटलं. आणि बाबांना मनस्ताप का होईल? मी एका गाडीबद्दल विचारलं होतं, बाबांबद्दल नव्हे.

म्हणून मी तुमचं ऐकलं नाही.

रविवारी दुपारी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी इस्त्रीचा प्लग उघडून बसले होते. लिफ्टची कामं सोडून पाच वर्षं झाली, पण घरातली एकही वायर अजून त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मी समोर बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा, हॅवरल कूपे किती बनल्या होत्या?”

“सहा,” ते म्हणाले. मान वर न करता.

मग त्यांच्या हातातला स्क्रू टेबलावरून घरंगळत खाली गेला. तो उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हाला लिहिलं तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी प्लग बाजूला सारला आणि बोलायला लागले, आणि काका, माझ्या बाबांना इतकं सलग बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, “एकोणीस वर्षांचा होतो. रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी येत होतो. उजाडायला लागलं होतं, धुकं होतं. बेकरीच्या वरच्या घरात दिवा होता आणि खाली ती उभी होती, इंजिन चालू. आत कुणी नाही. तीन मिनिटं मी तिच्याभोवती फिरलो. हात लावला नाही, हात मागे बांधले होते, देवळात फिरावं तसा फिरलो. मग जिन्यावर पावलं वाजली. कुणी ओरडेल म्हणून मी सायकल घेऊन पळालो. घरी येऊन दादाला उठवलं. आमची दोघांची एकच वही होती. तिच्यात सगळं लिहिलं. रंग करडा, चमक नाही.”

त्या आठवड्याच्या रविवारी तुम्ही दोघं गाड्या बघणाऱ्यांच्या मंडळात गेलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी ऐकलं तसं लिहिते. वीस माणसांसमोर तुम्ही म्हणालात, हॅवरल कधी करडी नव्हतीच, गडद हिरवी नाहीतर तांबडी असायची. याला रात्रपाळीनंतर सायकलवर डुलकी लागली असणार. सगळे हसले. त्या दिवसापासून मंडळात बाबांचं नाव ‘डुलकी’ पडलं. बाबा अजून एक वर्ष जात राहिले. मग थांबले.

“नुसतं हसला असता तर चाललं असतं,” बाबा म्हणाले. “त्याने वहीतली ओळ खोडली. वही दोघांची होती.”

आणखी एक. काल मी त्या बाईंशी बोलले, तुम्ही नको म्हटलं तरी. त्या सुईण आहेत, आता निवृत्त. त्यांचे यजमान हॅवरलच्या कारखान्यात पत्रा ठोकायचे. कारखाना बंद पडला तेव्हा सहाव्या गाडीचा सांगाडा लाकडी घोडीवर तसाच राहिला होता. मालक म्हणाले, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. त्यांनी तो तुकड्या-तुकड्यांनी घरी आणला आणि तीन वर्षं राबून पुरा केला. बाईंना अवेळी बोलावणी यायची, म्हणून गाडी बाहेर पडायची ती सगळे झोपलेले असताना, आणि रस्ता जागा व्हायच्या आत परत शेडमध्ये. त्या गाडीच्या मागच्या सीटवर अकरा मुलं जन्मली आहेत. गाडी दुर्मीळ आहे हे बाईंना माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, “मला एवढंच माहीत होतं, की ती कधी वाटेत थांबली नाही.”

मला उन्हाळ्याची बातमी नको, काका. तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा.

शिट्टी


२० एप्रिल

प्रिय शिट्टी,

बारा दिवस लागले. त्यातले नऊ मी तुझ्यावर रागावण्यात घालवले.

मार्चमधल्या एका सोमवारी तुझं पत्र आलं, डाव्या काचेचं. मी ‘किंचित हिरवट’ एवढे दोन शब्द वाचले आणि पत्र उलटं करून ठेवलं. ती काच मी कापली आहे.

तेवीस वर्षं झाली. आमच्या दुकानात बाहेरून पार्सलं यायची, पुठ्ठ्याचा साचा आणि सोबत चिठ्ठी. साच्यावरून काच कापायची आणि परत पाठवायची. एके दिवशी एक साचा आला. तपकिरी पुठ्ठा, चिठ्ठीवर फक्त ‘मागची, डावी, एकच’. गाडीचं नाव नाही. मी तो टेबलावर ठेवला आणि पेन्सिल हातात घेतली, आणि परत खाली ठेवली. मी आयुष्यभर काचांचे आकार बघितले, शिट्टी. जगात तो आकार फक्त एका गाडीला होता. पाचांतल्या ज्या तीन गाड्या उरल्या होत्या, त्यांतल्या एकीचीही काच फुटलेली नव्हती. संग्रहालयांशी माझा पत्रव्यवहार होता, परदेशातल्या मालकाशी होता. म्हणजे सहावी होती. म्हणजे धाकटा खरं बोलला होता.

साधा माल शिल्लक नव्हता, म्हणून हिरवट झाकेची काच वापरली. कडा मी हाताने घासल्या, तीन तास. तेवढी चांगली काच मी आधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. संध्याकाळी पार्सल बांधलं आणि साचा फाडून टोपलीत टाकला.

आता खरं लिहायचं ते हे. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची तपासायची पानं पडली होती. पान एकसष्ट त्यांत होतं. चष्म्याचं ते वाक्य मी कुणासाठी लिहिलं होतं, ते तुला आता कळलंच असेल. लाल पेन माझ्या हातात होतं. एक रेघ मारायची होती. मी त्या पानावरच्या दोन छपाईच्या चुका दुरुस्त केल्या आणि पान उलटलं.

का, ते मी स्वतःला बरंच विचारलं. तेव्हा लोक मला लांबून लांबून पत्रं लिहायचे, ही गाडी कुठली, ती कुठली, आणि माझा शब्द शेवटचा मानायचे. तो शेवटचा शब्द मला सोडवला नाही. चोविसाव्या वर्षी भावावर हसलो, ते पोरकटपणात गेलं असतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी जे केलं, ते समजून-उमजून केलं.

त्यानंतर आम्ही लग्नांत भेटलो, मयताला भेटलो. तो नेहमी माझ्या तब्येतीची चौकशी करायचा. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी कुणीतरी मध्ये यायचं, आणि कुणी आलं नाही तर मीच कुणालातरी हाक मारायचो.

हे पत्र त्याला वाचायला दे. मला त्याला थेट लिहायचं होतं, चार कागद फाडले. ‘प्रिय’ लिहिलं की पुढे हात सरकत नाही.

काका


१३ मे

ती. काका,

तुमचं पत्र बाबांना दिलं त्याला तीन आठवडे होत आले. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना काढून दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवलं. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना सध्या काही विचारू नकोस, परवा त्यांनी मिक्सर दोनदा उघडला आणि दोनदा तसाच बंद केला.

सोमवारी जेवताना अचानक म्हणाले, “तुझा सातवा मीटर कुठे आहे?”

काल मी त्यांना घेऊन गेले. साडेआठपासून ते टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. मी माझ्या फेऱ्या मारत होते आणि मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघत होते. नऊला तीन कमी असताना तो आवाज आला. मला दिसायच्या आधी बाबांना कळलं. रस्त्यावर शंभर गाड्यांचा गोंगाट असताना त्यांनी मान त्याच बाजूला वळवली.

गाडी उभी राहिली. बाबा पायऱ्या उतरले. आणि काका, ते मागून सुरू झाले. मागची पट्टी, मग उजवं चाक, मग दार. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. तीन फेऱ्या मारल्या, सावकाश, आणि त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. शेहेचाळीस वर्षांपूर्वी वहीत लिहिलेली ओळ ते शब्दन्‌शब्द म्हणत होते आणि समोर बघून एकेक गोष्ट जुळवत होते.

सुईणबाई काठीवर टेकून बघत होत्या. त्यांनी बाबांना मध्येच थांबवलं नाही. मला वाटतं, माणसाला किती वेळ द्यायचा हे त्यांच्या धंद्यात शिकवत असावेत.

शेवटी बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “एक विचारायचं होतं. पहिल्या वर्षी हिचा रंग कोणता होता?”

“रंग कसला,” बाई म्हणाल्या. “पत्र्यावर नुसता अस्तराचा हात मारलेला होता. करडी होती, राखेसारखी. माझे यजमान म्हणायचे, निळा रंग मनासारखा मिळाला की देऊ. मिळेपर्यंत वर्ष गेलं. पण तुम्हाला कसं ठाऊक? तेव्हा तिला कुणी बघितलंच नव्हतं.”

“मी बघितली होती,” बाबा म्हणाले.

एवढं बोलून ते फुटपाथच्या कडेवर बसले. मला वाटलं चक्कर आली, मी धावले. पण ते रडत नव्हते की काही नाही. नुसते वर बघत होते, गाडीकडे, आणि त्यांचा चेहरा, काका, मी माझ्या बाबांचा तसा चेहरा पाहिला नव्हता. एकोणीस वर्षांचा मुलगा कसा दिसत असेल ते मला दिसलं.

सुईणबाईंनी विचारलं ती पहाट कधीची, कुठली. बाबांनी बेकरी सांगितली. त्या म्हणाल्या, “मुलगी झाली होती तिथे, पायाळू. मला तुम्ही आठवत नाही. मला तेव्हा रस्ता दिसायचा, माणसं दिसायची नाहीत.” मग हिरव्या काचेचंही सांगितलं: एका नव्या बापाने घाईघाईत लाकडी पाळणा मागून आत कोंबला आणि काच गेली. बाबांनी त्या काचेवर बोट फिरवलं, कडेकडेने, पूर्ण. दिवसभरात हात लावला तो तेवढाच.

पुढच्या मंगळवारी त्यांनी बाबांना फेरीसाठी बोलावलंय.

तुमच्याबद्दल ते काय म्हणाले, ते विचाराल. काहीच म्हणाले नाहीत. पण रात्री त्यांनी माझ्याकडे तुमचा पत्ता मागितला.

शिट्टी

ता. क. – त्या वेळी मीटर बावीस मिनिटं जास्त झालं होतं. मी माझ्या खिशातली नाणी टाकली. कचेरीत सांगू नका.


२१ मे

दादा,

तुझं पत्र वाचलं. माझ्या मुलीने मध्ये पडून विचारलं म्हणून ते आलं, नाहीतर तू हे तसंच सोबत घेऊन गेला असतास. याचा मला राग आहे. तो मी लपवत नाही. मंडळात हसलास त्याचा राग केव्हाच गेला. काचेचा राग चार आठवड्यांचा आहे, अजून ताजा आहे, जायला वेळ लागेल.

काच मात्र उत्तम केली आहेस. कडा मी बोटाने तपासल्या. हे न सांगणं म्हणजे तू केलंस तेच केल्यासारखं होईल, म्हणून सांगतो.

पुस्तकाची पुढची आवृत्ती निघणार असेल, तर त्या वाक्याच्या जागी माझं नाव घालू नकोस. मी नुसती पाहिली. ज्याने तीन वर्षं खपून ती पुरी केली, त्या पत्रेकाराचं नाव घाल. सुईणबाईंकडून लिहून घेतलं आहे, सोबतच्या कागदावर आहे. रंगाच्या रकान्यात आधी करडा लिही, मग निळा.

परवा मंगळवारी मी तिच्यात बसलो. पुढच्या सीटवर, बाईंच्या शेजारी. आत जुन्या चामड्याचा आणि दवाखान्यातल्या साबणाचा वास येतो. काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. तुला लिहिता येतं, तू बसशील तेव्हा लिही. एवढंच सांगतो, की ती चालते तेव्हा रस्ता शांत झाल्यासारखा वाटतो. तो शांत होत नाही, मी बघितलं, लोक बोलत असतात, बस धावत असतात. तरी वाटतो.

मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो. रस्ता झाडणाऱ्या एक बाई खराटा टेकवून बघत राहिल्या. वाकून, मागून पुढपर्यंत, पूर्ण बघितलं. मग काचेपाशी येऊन म्हणाल्या, “कुठली हो ही गाडी?” सुईणबाईंनी माझ्याकडे बघितलं. दादा, शेहेचाळीस वर्षं मी कुठल्याही गाडीचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचो, मला त्यातलं कळत नाही. मी काच पूर्ण खाली केली. मग म्हटलं, “हॅवरल कूपे. सहा बनल्या. ही सहावी.” त्या बाई म्हणाल्या, “वाटलंच मला, काहीतरी वेगळी आहे.” सिग्नल सुटला. मागे वळून बघितलं तर त्या तशाच उभ्या होत्या.

आता कामाचं. जूनअखेर सुईणबाईंना ऐंशी पूर्ण होतात. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळे पाहता यापुढे गाडी चालवायची नाही. त्या ऐकणाऱ्यातल्या आहेत, ऐकणार. गाडी विकायची नाही आणि शेडमध्ये उभी करून गंजवायची नाही, असं त्यांनी ठरवलंय. मंगळवारी बाहेर काढायला भरवशाचा माणूस हवाय. मला विचारलं. मी आयुष्यात गाडी चालवायला शिकलो नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझं लायसन चालू आहे का, ते कळव. गुडघ्यांचं म्हणशील तर तिचा क्लच हलका आहे, मी विचारून घेतलंय.

जून संपायच्या आत ये. माळा रिकामा केला आहे, पण तुला खाली झोपवू.

गाडी तू चालवायचीस. वाटेत कुणी कुठली म्हणून विचारलं, तर सांगणार मी.

धाकटा